४० हजारांत कॅमेरा घ्यायचाय? आधी लेन्स ठरवा, मग बॉडी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बजेट ४० हजार, त्याच्या वर जायचं नाही. पाच वर्षांच्या मुलीचे फोटो, घरातले सणवार, जानेवारीतलं शाळेचं गॅदरिंग आणि जमेल त्या रविवारी अंबाझरी किंवा गोरेवाड्याच्या तलावावरचे पक्षी, एवढं काढायचंय. बर्डीवरच्या दुकानात नव्या डीएसएलआरचं (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) दोन लेन्सवालं किट दाखवलं, सोबत बॅग आणि ट्रायपॉड फुकट. घरी आल्यावर मेहुणा म्हणाला, ‘‘भाऊजी, तुमचा मोबाईल १०८ मेगापिक्सेलचा आहे न, मग २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा कायले घेता?’’ आणि तिथे गाडी अडली.

मेहुण्याचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर नीट मिळालं की नवा की जुना, डीएसएलआर की मिररलेस (तसाच, पण आरसा नसलेला), दोन लेन्सचं किट घ्यावं की नाही, हे सगळं मागोमाग सुटतं. मी नागपुरातच लग्नकार्यांचे फोटो काढतो आणि नवशिक्यांना शिकवतोही, त्यामुळे हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून नेहमी कानावर येतो. विचारणारा बहुतेक वेळा ‘कोणता कॅमेरा चांगला’ असं विचारतो. खरं ठरवायचं असतं ते हे की मोबाईलला न जमणारा कोणता फोटो तुम्हाला हवा आहे. दिवसाउजेडी अंगणात उभी राहून हसणारी मुलगी, ताटातली पुरणपोळी, सेमिनरी हिल्सवरून दिसणारं शहर, हे तुमचा मोबाईल उत्तम काढतो. त्यासाठी ४० हजार घालू नका. तुमच्या यादीत मोबाईल हात टेकतो अशा दोनच जागा आहेत: कमी उजेडात हलणारं मूल आणि लांब बसलेला पक्षी. दोन्हींना लागणाऱ्या लेन्स वेगळ्या आहेत. अडचण कॅमेऱ्याची नाहीच, ४० हजार या दोन लेन्समध्ये कसे वाटायचे याची आहे.

आधी मेगापिक्सेल. फोटो किती बारीक चौकोनांत वाटलाय एवढंच तो आकडा सांगतो. उजेड किती गोळा झाला हे त्यातून कळत नाही. १०८ मेगापिक्सेलच्या मोबाईलचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, फार तर १० बाय ७ मिमीचा, करंगळीच्या नखाएवढा असतो. तेवढ्या जागेत १०८ दशलक्ष पिक्सेल कोंबले की एकेकाच्या वाट्याला उजेड फारच थोडा येतो, म्हणून तो फोन एरवी नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. कॅननच्या साध्या डीएसएलआरचा सेन्सर २२.३ बाय १४.९ मिमी, निकॉनचा २३.५ बाय १५.६. क्षेत्रफळ मोबाईलच्या जवळपास पाच पट. आणि २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४००० पिक्सेल. त्यातून ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) २० बाय १३ इंचांची प्रिंट निघते, अल्बमचं १२ बाय १८ चं पान आरामात निघतं. तेव्हा मेगापिक्सेलचा विषय इथेच सोडून द्या.

आता दुकानात सहसा कोणी सांगत नाही ते. सेन्सर पाच पट मोठा असला तरी त्यावर उजेड सोडते लेन्स. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिमीची किट लेन्स (मिमी वाढले की लांबचं जवळ दिसतं) १८ वर एफ/३.५ आणि ५५ वर एफ/५.६ एवढीच उघडते. एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते. मोबाईलची मुख्य लेन्स बहुधा एफ/१.८ ची असते. एफ/३.५ ने एफ/१.८ च्या तुलनेत जेमतेम पाव उजेड आत येतो. म्हणजे मोठ्या सेन्सरने पाच पट कमावलं, त्यातलं बहुतेक सगळं लेन्सने घालवलं. त्यावर मोबाईल रात्री पटापट अनेक फोटो काढून ते एकावर एक बसवतो. म्हणून नवा डीएसएलआर घेतलेला माणूस संध्याकाळी घरात पहिला फोटो काढतो आणि म्हणतो, ‘मोबाईलचाच बरा आला की!’ त्याचं खरंच असतं. किट लेन्सवर घरातल्या ट्यूबलाइटमध्ये मोबाईलला ठळकपणे मागे टाकता येत नाही. कित्येक कॅमेरे याच एका कारणाने पहिल्याच वर्षी कपाटात जातात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण कॅमेऱ्यात दोष काहीच नसतो.

गॅदरिंगचं उदाहरण घेऊ, कारण तुमच्या यादीतला सर्वांत अवघड फोटो तोच आहे. सभागृहात अंधार, स्टेजवर लाल-निळे दिवे, मुलं नाचताहेत. समजा आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) ३२०० ठेवला आणि किट लेन्स ५५ वर नेली. एफ/५.६ ला शटर स्पीड, म्हणजे शटर उघडं राहायचा वेळ, मिळाला १/५० सेकंद. एवढ्या वेळात मुलीचा हात काही सेंटीमीटर फिरतो, चेहराही वळतो, म्हणून फोटोत हात पुसट आणि डोळे फरफटलेले दिसतात. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन इथे कामाचं नाही. ते तुमच्या हाताची थरथर सावरतं, मुलीची हालचाल थांबवत नाही. आता त्याच खुर्चीवरून, त्याच आयएसओवर ५० मिमी एफ/१.८ लावा. एफ/५.६ पेक्षा जवळजवळ दहा पट उजेड आत येतो, म्हणून १/५० चा शटर थेट १/५०० च्या आसपास जातो. हात जागेवर थांबतो, वेणीतलं फूल दिसतं. कॅमेरा तोच, बदलली ती फक्त लेन्स. ५० मिमीतून १० मीटरवरून कॅननवर साधारण साडेचार मीटर रुंद स्टेज येतं. मुलगी एकटी हवी असेल तर कॅमेरा उभा धरा आणि नंतर कापून घ्या. अर्ध्या रुंदीचा तुकडा घेतला तरी ६ मेगापिक्सेल उरतात, दहा इंचांच्या प्रिंटला ते पुरतात. २४ मेगापिक्सेलचा खरा उपयोग हा.

कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश मात्र गॅदरिंगला उघडूच नका. या वर्गातल्या कॅमेऱ्यांवर त्याचा गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) आयएसओ १०० ला साधारण ९ ते १२ असतो. आयएसओ १६०० आणि एफ/५.६ ला तो साधारण साडेसहा ते साडेआठ मीटरपर्यंत पोचतो. दहाव्या रांगेतून मारलात तर पुढच्या लोकांची डोकी लखलखीत आणि स्टेज काळं.

आता पक्षी. गोरेवाड्याच्या काठावर तुमच्यापासून २० मीटरवर खंड्या बसलाय. चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण २८ सेंमीचा पक्षी. मोबाईलच्या मुख्य लेन्सला त्या अंतरावर २७-२८ मीटर रुंद देखावा दिसतो, त्यात खंड्या एक टक्का. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत तो जेमतेम ४० पिक्सेलचा निळा ठिपका असतो. १०८ मेगापिक्सेलचा मोड लावलात तर १२० च्या घरात, तोही पुसट. कॅननच्या बॉडीवर (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर) २५० मिमी लावली तर देखावा पावणेदोन मीटरचा होतो आणि खंड्याच्या वाट्याला नऊशेच्या वर पिक्सेल येतात. छातीवरचा पांढरा पट्टा, चोचीतला मासा, सगळं मोजून घ्या. मेहुण्याला हेच दाखवा.

म्हणजे इथपर्यंतचा हिशेब असा: गॅदरिंग आणि घर यांसाठी एफ/१.८ ची छोटी लेन्स, पक्ष्यांसाठी २५०-३०० पर्यंत जाणारी लांब लेन्स. दुकानातल्या दोन लेन्सच्या किटात दुसरी येते, पहिली येत नाही. नवी बॉडी आणि दोन लेन्स यांत तुमचे पैसे जवळपास संपतील आणि जानेवारीत तुम्ही एफ/५.६ घेऊन अंधारात बसाल. फुकटचा ट्रायपॉडही सहसा हलका, डुगडुगता असतो, त्याच्या मोहात पडू नका.

माझं स्पष्ट मत: बॉडी जुनी घ्या, लेन्स निवडून घ्या. अनोळखी माणसाकडून वस्तू घ्यायची तुमची अजिबात तयारी नसेल, तर पुढचं सगळं बदलतं. मग नवी सर्वांत साधी बॉडी एका किट लेन्ससह घ्या आणि उरलेल्या पैशांत नवी ५० मिमी बसते का बघा. पण जुन्याला तयार असाल तर हीच वेळ चांगली आहे. कॅनन आणि निकॉन दोघांनी २०१८ मध्ये मिररलेसचे नवे माउंट (लेन्स बसवायची रचना) काढले, तेव्हापासून त्यांचं नवं काम तिकडेच चाललंय. व्यावसायिक लोक डीएसएलआर विकून मिररलेसकडे जाताहेत, त्यामुळे चांगल्या बॉडी निम्म्या किंवा त्याहून कमी भावात मिळतात. लेन्सचा तुटवडाही नाही. कॅननचा ईएफ माउंट १९८७ चा, निकॉनचा एफ माउंट १९५९ चा. इतक्या वर्षांच्या लेन्स बाजारात फिरत असताना तुम्हाला लागणाऱ्या दोन-तीन न मिळणं शक्य नाही.

मिररलेस वाईट आहे असं मी म्हणत नाही. पळणाऱ्या मुलाचा डोळा पकडून ठेवणारा त्यांचा फोकस खरंच सुखाचा आहे. पण तुमच्या बजेटात नवीन मिररलेस बसवला तर दुसऱ्या लेन्सला पैसे उरत नाहीत, आणि कॅननच्या छोट्या मिररलेससोबत येणारी १८-४५ ची किट लेन्स एफ/४.५ ते ६.३ ची आहे, म्हणजे डीएसएलआरच्या किटपेक्षाही अंधारी. जुन्या बाजारात सोनीचा ए६००० दिसेल. २०१४ चा आहे, पण त्याचा ई माउंट आजही चालू आहे आणि बॉडी लहान आहे. बॅटरी लवकर संपते, दोन तरी ठेवाव्या लागतात. हाताला पटला तर जरूर घ्या. कॅननची ईओएस एम मालिका, ज्यात आपल्याकडे खूप खपलेला एम५० येतो, आणि निकॉन १ ही मालिका, या दोन्ही बंद झाल्या. पुढे लेन्स वाढवायचा विचार असेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका, कितीही स्वस्त मिळाल्या तरी.

नावं सांगायची तर माझी पहिली पसंती कॅनन २००डी, २०१७ चा. स्क्रीन उलटी-सुलटी फिरते, स्क्रीनवर बघून काढतानाही फोकस झटकन होतो, बाहेरचा माइक लावायची सोय आहे. त्याच्या शेजारी ठेवलेला नवा १५००डी स्वस्त वाटेल, पण स्क्रीनवरून फोकस करताना तो चाचपडतो, आणि मुलं तेवढं थांबत नाहीत. ३०००डी तर घेऊच नका. लेन्स बसते ती कडी प्लॅस्टिकची आहे, आणि व्ह्यूफाइंडरला नजरेच्या नंबरप्रमाणे फिरवायचं चाकही नाही. चष्मा लावणाऱ्याला हे रोज टोचतं.

२००डी सोबत ५० मिमी एफ/१.८ एसटीएम (एसटीएम हा फोकसच्या मोटरचा प्रकार), २०१५ ची. लहान, हलकी, जुन्यात सहज मिळणारी. फक्त घरातल्या १० बाय १२ च्या खोलीत ती फार जवळ जाते. अडीच मीटरवरून जेमतेम सव्वा मीटरही बसत नाही. दीड मीटरवरून एफ/१.८ ला तर सहा सेंमीचाच पट्टा फोकसमध्ये राहतो, मुलगी आणि आजी शेजारी बसल्या तर एकच स्पष्ट येईल. तिथे एफ/२.८ किंवा ४ वर जा, किंवा किट लेन्स लावा.

निकॉनमध्ये डी५३०० किंवा डी५६००, आणि सोबत ३५ मिमी एफ/१.८जी डीएक्स. घरात ही ३५ मिमी मला कॅननच्या ५० पेक्षा जास्त आवडते, कारण माणसाला मागे भिंतीला टेकावं लागत नाही. गॅदरिंगला मात्र पुढच्या रांगेत बसावं लागेल. एक खबरदारी: निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांत फोकस फिरवणारी मोटर बॉडीत नाही. लेन्सच्या नावात एएफ-एस किंवा एएफ-पी असेल तरच ऑटोफोकस होतो. ‘एएफ ५० मिमी एफ/१.८डी’ अशी जुनी लेन्स स्वस्तात दिसते, ती या बॉडीवर हातानेच फोकस करावी लागते. डी७२०० मध्ये ती मोटर आहे, बॉडीही मजबूत आहे, पण वजन जास्त. पाच वर्षांच्या मुलीमागे धावताना हलका कॅमेरा बरा.

लांब लेन्स घेताना नावात हाताची थरथर सावरणाऱ्या स्टॅबिलायझेशनचा अक्षरसमूह शोधा: कॅननमध्ये आयएस, निकॉनमध्ये व्हीआर. कॅननची ५५-२५० आयएस एसटीएम ही या भावातली सर्वांत समाधानाची लेन्स. ‘आयएस II’ लिहिलेली तिच्या आधीची, ती फोकसला हळू आहे. निकॉनची ७०-३०० एएफ-पी व्हीआरसह आणि व्हीआरशिवाय अशी दोन्ही मिळते. व्हीआरशिवायची ३०० वर हातात धरायची तर शटर १/४५० च्या खाली नेता येत नाही. संध्याकाळच्या उजेडात ते पाळणं जड जातं.

पैसे असे बांधा. जुनी बॉडी आणि किट लेन्स मिळून २५ हजारांच्या वर नाही. एफ/१.८ ची लेन्स ८ हजारांच्या आत. ओळखीच्या ब्रँडचं ६४ जीबी कार्ड, जादा बॅटरी आणि हवाबंद डबा यांना ३ हजार. उरले ४ हजार, ते फ्लॅशसाठी. भाव महिन्यागणिक हलतात, एखादा हजार इकडे-तिकडे होईल, पण बॉडीचा आकडा फुगला तर लेन्स कापू नका, आणखी जुनी बॉडी बघा. लांब लेन्स या हप्त्यात बसत नाही हे दिसतंय. मी तिला थांबवलं कारण गॅदरिंग वर्षातून एकदा येतं, गोरेवाड्याचा खंड्या दर रविवारी असतो. दरम्यान पेंचच्या किंवा उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात जायचं ठरलं तर त्या दोन दिवसांपुरती मोठी लेन्स भाड्याने घ्या, लेन्स भाड्याने देणारे असतात. आणि तुम्हाला मनापासून फक्त पक्षीच हवे असतील, घरचे फोटो मोबाईलवर चालणार असतील, तर हा क्रम उलटा करा. किंवा एकाच लेन्समध्ये प्रचंड झूम असलेला ब्रिज कॅमेरा बघा. त्याचा सेन्सर डीएसएलआरच्या बाराव्या हिश्शाएवढा असतो, घरात रात्री तो निरुपयोगी, पण सकाळच्या उन्हात तळ्याकाठी छान चालतो.

फ्लॅशबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण घरच्या कार्यक्रमांचे फोटो यानेच सुधारतात. डोकं वर वळवता येईल असा बाहेरचा फ्लॅश घ्या आणि तो पांढऱ्या छताकडे मारा. आपल्या स्लॅबच्या घरांत छत नऊ-दहा फुटांवर पांढरं असतं. उजेड तिथून पसरून खाली येतो, चेहऱ्यावर चमक नाही, मागे काळी सावली नाही. महालक्ष्म्यांचा मखर, तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी लाकडी बैल घेऊन ओसरीवर बसलेली मुलं, असे फोटो किट लेन्सनेही सुंदर येतात. मंगल कार्यालयाचं छत उंच, तिथे हे चालत नाही. इथे एक खोच आहे: कॅननने २००डी II आणि ३०००डी यांच्या फ्लॅश बसवायच्या जागेतली मधली पिन काढून टाकली आहे, १५००डी मध्येही बघून घ्या. गोडॉक्स टीटी६०० सारखे स्वस्त मॅन्युअल फ्लॅश त्याच पिनवर चालतात, त्यामुळे या बॉडीवर ते पेटतच नाहीत. पहिल्या २००डी मध्ये पिन आहे. नवा २००डी II सोडून मी जुना २००डी सुचवतोय त्यामागे हेही कारण आहे.

आता जुना कॅमेरा तपासायचा कसा. दिवसा भेटा, वर्दळीच्या जागी, आणि आगाऊ पैसे कोणालाही पाठवू नका. बिल मागा. बिलावरचा सीरियल नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळतो का बघा, नाही जुळला तर नम्रपणे निघून या. विकणारा कोण आहे हेही विचारा. लग्नाच्या धंद्यातला कॅमेरा खूप चाललेला असतो. हौसेने घेऊन कपाटात ठेवलेला कमी चाललेला असतो, पण त्याच्या लेन्समध्ये बुरशी असायची शक्यता जास्त. मी दुसरा घेईन, पण टॉर्च लावून बघितल्याशिवाय नाही. निकॉनमध्ये किती क्लिक झाल्या हे काढलेल्या फोटोच्या माहितीतच लिहिलेलं असतं, घरी संगणकावर दिसतं. डी५६०० चं शटर निकॉनने एक लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे, ३०-४० हजार झालेला नग निर्धास्त घ्या. कॅनन फोटोत हा आकडा लिहीत नाही, तिथे ग्रिपचं रबर, बटणांवरची अक्षरं आणि लेन्सच्या कडीवरचे ओरखडे बघून अंदाज बांधावा लागतो.

लेन्स काढून घ्या, मोबाईलचा टॉर्च मागच्या काचेतून आत सोडा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे दोन-चार कण असतील, त्यांची काळजी नको. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे दिसले तर ती बुरशी, ती लेन्स परत द्या. साफ करून घेऊ असं विकणारा म्हणेल, पण तोपर्यंत काचेवरचं कोटिंग कुरतडलं गेलेलं असू शकतं. मग एफ/१६ ठेवून पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. काळे डाग दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, ती साफ होते. सरळ रेघ दिसली तर तो ओरखडा, तो जात नाही. शेवटी टेबलावर वर्तमानपत्र पसरा, तिरक्या कोनातून एफ/१.८ ला मधल्या एका ओळीवर फोकस करा आणि फोटो मोठा करून बघा. नेमकी तीच ओळ स्पष्ट आली पाहिजे. दोन ओळी मागची किंवा पुढची स्पष्ट येत असेल तर बॉडी आणि लेन्स यांचं जमत नाही, दुसरी जोडी शोधा. कार्ड स्वतःचं न्या, सगळे फोटो घरी मोठ्या स्क्रीनवर बघा, मगच पैसे द्या. घाई करणाऱ्याला घाई करू द्या.

घेतल्यानंतरचं एक नागपूरचं म्हणून सांगतो, पुण्या-मुंबईच्या सल्ल्यात हे येत नाही. आपल्याकडे लेन्स उन्हाळ्यातच खराब व्हायला लागते, ती कूलरने. बाहेर ४५ अंश आणि कोरडी हवा, पण बंद खोलीत डेझर्ट कूलर दिवसरात्र पाणी ओढतोय, आणि त्याच खोलीतल्या लाकडी कपाटात कॅमेरा बॅगेत. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशी धरते, मग पाऊस तिला वाढवतो. कॅमेरा कूलरच्या खोलीत ठेवू नका. रबरी कडेचा हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि स्वस्तातला आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० च्या दरम्यान. जेलचा रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरा. कापडी बॅग प्रवासापुरती, घरी नाही. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत कॅमेरा सोडू नका. आणि मारबतीच्या मिरवणुकीतल्या गर्दीत गेलात तर लेन्स घरूनच लावून जा. गुलाल उडत असताना बदलली तर तो थेट सेन्सरवर जातो.

पुढच्या आठवड्यात जाहिराती बघायला लागाल तेव्हा लेन्सचं नाव जसं लेन्सवर छापलंय तसं अक्षर न अक्षर उतरवून मला कळवा. ‘५५-२५०’ एवढं पुरत नाही. शेवटी आयएस II आहे की आयएस एसटीएम, सुरुवातीला एएफ आहे की एएफ-एस, यावरच सौदा चांगला की वाईट ते ठरतं, आणि विकणाऱ्याला स्वतःलाही ते बहुतेक वेळा ठाऊक नसतं.